खिशातले राक्षस आणि नागझिऱ्यातला नवरंग

जूनचा पहिला आठवडा होता. रोहिणीची एक सर येऊन गेली होती आणि नागझिऱ्याच्या तळ्याकाठची धूळ खाली बसली होती. गोंदियाकडची सातवी-आठवीची पंधरा-वीस मुले निसर्गशिबिरासाठी आली होती. आम्ही त्यांच्याबरोबर होतो. नीट उजाडण्यापूर्वीच झुडपांतून दोन स्वरांची स्वच्छ शीळ ऐकू आली. गाइडने हाताने थांबण्याची खूण केली. थोड्या वेळाने पालापाचोळ्यातून तुरुतुरु चालत एक पाखरू उघड्यावर आले. हिरवी पाठ, खांद्यावर निळा तुकडा, डोळ्यावरून गेलेला काळा पट्टा, शेपटीखाली लालभडक रंग आणि शेपटी तर जवळजवळ नाहीच. नवरंग! पावसाच्या तोंडावर विणीसाठी आपल्याकडे येणारा पाहुणा. त्याला इतक्या जवळून पाहायला मिळाले म्हणून आम्ही हरखून गेलो होतो. तेवढ्यात मागून एका मुलाने हळूच विचारले, "सर, ह्याची टाइप काय?"

प्रश्न आम्हाला कळला नाही. परतताना उलगडा झाला. पोकेमॉन या खेळातले प्राणी त्या मुलाला तोंडपाठ होते. कोण पाण्यातला, कोण गवतातला, कोण विषारी, कोणाचे पुढे काय होते, कोण कोणाला भारी पडतो, हे सारे तो न अडखळता सांगत होता. त्याच मुलाला आम्ही घराच्या अंगणात येणाऱ्या पाच पक्ष्यांची नावे विचारली. कावळा, चिमणी, कबुतर, पोपट यांपुढे गाडी गेली नाही.

अशा वेळी आपण शिक्षक मंडळी जे म्हणतो ते आमच्याही तोंडावर आले होते. पण त्या मुलाची स्मरणशक्ती उत्तम होती, निरीक्षण बारीक होते आणि वर्गीकरणाची त्याला गोडी होती. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यात आपण आणखी काय शोधतो? मग हे सारे गुण खोट्या प्राण्यांकडे कसे वळले? ते खोटे प्राणी घडवणाऱ्यांनी असे काय केले, की जे खऱ्या प्राण्यांच्या वाट्याला आले नाही? या प्रश्नांच्या मागे लागल्यावर जो इतिहास हाती आला, तो आम्हाला अनपेक्षित होता. कारण या खेळाचे मूळ संगणकात नसून किडे पकडण्याच्या छंदात आहे.

'पॉकेट मॉन्स्टर्स' या शब्दांना जपानी पद्धतीने आखूड केले की 'पोकेमॉन' होते. म्हणजे खिशातले राक्षस. त्याचे जनक सातोशी ताजिरी यांचा जन्म १९६५ चा. टोकियोच्या उपनगरात, माचिदा येथे ते वाढले. त्या काळी तिथे भातखाचरे, डबकी आणि झाडी होती, आणि या मुलाला किड्यांचे वेड होते. बरोबरीची मुले त्याला 'डॉक्टर किडा' अशा अर्थाच्या नावाने हाक मारत. झाडाच्या सालीला मध चोपडून भुंगेरे पकडायची रीत जपानी मुलांत जुनी आहे. ताजिरींनी आपली वेगळी युक्ती काढली. भुंगेरे दिवसा झोपतात आणि दगडाखाली झोपणे त्यांना आवडते, हे त्यांनी हेरले होते. म्हणून झाडाखाली दगड ठेवून द्यायचा आणि सकाळी जाऊन तो उचलून पाहायचा. प्राण्याची सवय ओळखून सापळा लावणे ही निव्वळ क्षेत्रीय जीवशास्त्राची पद्धत झाली, आणि ती एका शाळकरी पोराने स्वतःच्या डोक्याने शोधली होती.

पुढे माचिदा वाढले. डबकी बुजली, मासे धरायच्या तळ्याच्या जागी व्हिडिओ खेळांचे दुकान आले. तरुण ताजिरी त्या दुकानात रमले. १९८३ साली त्यांनी 'गेम फ्रीक' नावाचे हस्तलिखित पत्रक काढले. त्यात चित्रे काढायला केन सुगिमोरी येऊन मिळाले. १९८९ मध्ये पत्रकाची कंपनी झाली. त्याच वर्षी हातात मावणारे 'गेम बॉय' हे यंत्र बाजारात आले. दोन यंत्रे एका तारेने जोडता येत. ती तार पाहून ताजिरींच्या डोळ्यांसमोर काय आले असेल? एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात तारेवरून सरपटत जाणारा किडा! शहरातल्या ज्या मुलांना किडे पकडायला जागाच उरली नाही, त्यांना तो आनंद या यंत्रातून द्यावा, ही कल्पना त्यांनी १९९० च्या सुमारास मांडली. खेळ पुरा व्हायला सहा वर्षे लागली. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी तो जपानात विक्रीला आला.

येथे थोडे मागे जाऊ. जमवण्याचे हे वेड जपानपुरते किंवा यंत्रांपुरते मर्यादित नाही. केंब्रिजला शिकणाऱ्या चार्ल्स डार्विनला भुंगेऱ्यांनी झपाटले होते. एकदा साल सोलताना दोन दुर्मिळ भुंगेरे मिळाले, ते त्याने दोन मुठींत धरले. इतक्यात तिसरा दिसला! तोही सोडवेना, म्हणून उजव्या मुठीतला भुंगेरा त्याने सरळ तोंडात टाकला. भुंगेऱ्याने असा जहाल द्रव सोडला की तो थुंकावा लागला, आणि तिसराही निसटला. आल्फ्रेड रसेल वॉलेसने १८५४ ते १८६२ या आठ वर्षांत मलाय द्वीपसमूहातून १,२५,६६० नमुने गोळा केले. त्या ढिगातल्या लहानसहान फरकांकडे पाहता पाहताच नैसर्गिक निवडीचा विचार त्याच्या मनात पक्का झाला.

आपल्याकडेही हेच घडले. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' स्थापन केली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. जमवलेल्या वस्तू एकमेकांना दाखवाव्यात, हा त्या मंडळींचा मूळ हेतू होता. याच संस्थेच्या दारात पुढे एक लहान मुलगा एअरगनने मारलेली, पिवळ्या गळ्याची रानचिमणी घेऊन आला. त्याला त्या चिमणीचे नाव हवे होते. तो मुलगा म्हणजे सालिम अली. त्याला नाव तर मिळालेच, शिवाय पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवण्यात आले, आणि भारतीय पक्षिशास्त्राची दिशा त्या दिवशी ठरली. बंदुकीची जागा पुढे दुर्बिणीने घेतली आणि दुर्बिणीबरोबर कॅमेरा आला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तर वन्य प्राणी मारून किंवा पकडून जमवणे गुन्हाच झाला, आणि ते योग्यच झाले. पण मुलाच्या मनातली जमवण्याची हौस कायद्याने जात नाही. तिने यंत्रात घर केले.

आता त्या खेळातल्या प्राण्यांकडे वळू. 'गेम बॉय'च्या पडद्यावर आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके असत, आणि रंग म्हणावे तर करड्याच्या चार छटा. एका प्राण्याला फार तर ५६ गुणिले ५६ ठिपक्यांची जागा. एवढ्याशा चौकटीत १५१ प्राणी असे काढायचे, की एकाचा दुसऱ्याशी घोटाळा होऊ नये. पिसांवरची नक्षी, केसांची झाक यांना वावच नव्हता. बाह्याकार आणि एखादी ठळक खूण, एवढ्यावर भागवायचे. जाणता पक्षिनिरीक्षकही हेच करतो. उडत्या पक्ष्याची पिसे मोजायला त्याला सवड नसते. शेपटीची दुभंगलेली टोके किंवा पंखावरचा एक पांढरा डाग त्याला पुरतो.

या खुणा सुगिमोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुष्कळदा खऱ्या प्राण्यांवरून उचलल्या. एका गोल प्राण्याच्या पोटावर भोवऱ्यासारखे वेटोळे आहे. मुलांना ती शोभेची नक्षी वाटते. पण बेडकाचे भैकेर ओंजळीत घेऊन पाहा. पारदर्शक पोटातून आतड्याचे वेटोळे दिसते. हे तेच. पाठीवर अळंबी उगवलेला एक किडा आहे. किड्याच्या शरीरात शिरून वाढणारी कवके खरोखर आहेत, आणि हिमालयात मिळणारी महागडी 'कीडाजडी' हा त्यांचाच प्रकार. फणा काढलेल्या एका सापाच्या फण्यावर भीती घालणारा चेहरा रेखाटला आहे. आपल्या नागाच्या फण्यावरचा दहाचा आकडा कोणाला आठवणार नाही? खवल्या मांजराची आठवण करून देणारा, अंगाचे वेटोळे करणारा प्राणीही आहे. गंमत म्हणजे खेळाच्या लाल आणि हिरव्या अशा दोन आवृत्त्या काढल्या, तेव्हा साप फक्त लाल आवृत्तीत ठेवला आणि हा खवल्यांचा प्राणी फक्त हिरव्या. ज्याला दोन्ही हवेत त्याने मित्राशी अदलाबदल करावी! तार जोडण्याची कल्पना येथे कामी आली. एकट्याने बसून संग्रह पुरा होऊच नये, अशी ही योजना होती.

सर्वांत सुंदर उदाहरण आहे हिरव्या अळीचे. खेळात शिरलेल्या मुलाला पहिल्याच जंगलात 'कॅटरपी' नावाची अळी भेटते. तिच्या डोक्यावर लाल रंगाचे दुभंगलेले शिंग आहे आणि त्यातून दुर्गंध येतो, असे खेळातल्या माहितीत लिहिले आहे. जपानी मुले संत्र्या-लिंबाच्या झाडावरून ज्या अळ्या आणून पाळतात, त्यांचे हे चित्र. आपल्या लिंबावर, कढीपत्त्यावर आणि बेलावरही अशा अळ्या असतात. लहानपणी त्या पाखराच्या विष्ठेसारख्या दिसतात, वाढल्यावर पानासारख्या हिरव्या होतात. डिवचले की डोक्यामागून नारिंगी-लाल दुभंगलेला अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. महाराष्ट्राने २०१५ साली ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, तो नीलवंतही याच कुळातला. खेळातली अळी थोड्याच वेळात कोश होते आणि मग फुलपाखरू. खेळाची सारी रीत मुलाला पहिल्या तासाभरात कळावी, यासाठी इतका चांगला धडा दुसरा सापडला नसता.

मात्र येथे शिक्षकांनी सावध राहावे. या बदलाला खेळात 'उत्क्रांती' म्हटले आहे. मूळ जपानी शब्दही तोच. मुले "इव्हॉल्व्ह झाला" असे सहज म्हणतात. अळीचे फुलपाखरू होते ते रूपांतरण. ते एका जीवाच्या आयुष्यात घडते. उत्क्रांती एका जीवाची होत नाही. ती पिढ्यान्पिढ्या समूहात घडते. हा घोटाळा एकदा डोक्यात बसला की दहावीपर्यंत निघत नाही, असा आमचा अनुभव आहे. प्राणी पकडून एकमेकांशी झुंजवणे ही तर या खेळातली आणखी न पटणारी बाब. कोंबड्यांच्या झुंजी पाहिलेल्या माणसाला तिचे कौतुक वाटणार नाही. असो.

आम्हाला सर्वांत विचार करायला लावले ते नावांनी. जपानी नावे बोलकी आहेत. शेपटीला आग असलेल्या सरड्याचे नाव 'हितोकागे'. जपानीत 'हि' म्हणजे आग आणि 'तोकागे' म्हणजे सरडा. पाठीवर कंद वाहणाऱ्या प्राण्याचे नाव 'फुशिगिदाने', म्हणजे नवलाचे बी. खेळ परदेशी निघाला तेव्हा ही नावे पुष्कळ ठिकाणी तशीच लादली गेली नाहीत. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन मुलांसाठी त्या त्या भाषेत बहुतेक नावे नव्याने घडवली, जेणेकरून नाव ऐकताच प्राणी कसा असेल याचा अंदाज यावा. इंग्रजीतला साप म्हणजे तर इंग्रजी शब्दाचीच उलटी अक्षरे आहेत. ज्या प्राण्याचे नाव मुलाला त्याच्या भाषेत काही सांगते, तो प्राणी लक्षात राहतो, एवढे या धंदेवाईक मंडळींना कळले होते.

याचा परिणाम किती झाला हे केंब्रिज विद्यापीठाचे अँड्र्यू बामफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजले. त्यांचा लेख २००२ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. ब्रिटनमधल्या १०९ प्राथमिक शाळकरी मुलांना त्यांनी दोन प्रकारची चित्रे दाखवली. काही तिथल्या साध्या वन्य प्राण्यांची व झाडांची, काही पोकेमॉनची. चार वर्षांची मुले खऱ्या जीवांपैकी ३२ टक्के ओळखत आणि पोकेमॉन अवघे ७ टक्के. आठव्या वर्षी खऱ्यांचे प्रमाण ५३ टक्क्यांवर गेले, पण पोकेमॉनचे ७८ टक्क्यांवर! म्हणजे मुलांची ओळखण्याची शक्ती अफाट आहे. तिला खाद्य कोण पुरवतो एवढाच मुद्दा. २०१९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी, लहानपणी हा खेळ खूप खेळलेल्या प्रौढांच्या मेंदूंचे चित्रण केले. त्यांच्या मेंदूतला एक ठरावीक भाग पोकेमॉनची चित्रे पाहताच इतरांपेक्षा जास्त जागा होत होता. बालपणी डोळ्यांसमोर वारंवार जे आले, त्याने मेंदूत आपली जागा करून ठेवली होती.

नागझिऱ्यात बसून हे वाचताना मनात येते, की येथे काय कमी आहे? १९७० साली अभयारण्य झालेल्या, सुमारे १५३ चौरस किलोमीटरच्या या जंगलात चौशिंगा राहतो. चार शिंगे असणारा वन्य सस्तन प्राणी साऱ्या जगात हा एकटाच. येथे अस्वल आहे, ज्याला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेते आणि धूळ नाकात जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटून घेते. त्याचा तो ओढण्याचा आवाज बऱ्याच लांबून ऐकू येतो. येथे पायात पांढरे मोजे घातल्यासारखा दिसणारा रानगवा आहे आणि शेपटीच्या दोन तारांना चकत्या अडकवल्यासारखा भृंगराज आहे. सुगिमोरींना यांतले काही सुचले असते, तर त्यांनी ते आनंदाने वापरले असते.

आणि नावे? हळद्या रंगावरून, टिटवी आवाजावरून, तांबट तांब्यावर हातोडी मारल्यासारख्या टक्-टक् आवाजावरून, शिंपी आणि सुगरण त्यांच्या कसबावरून, रातवा त्याच्या वेळेवरून. हितोकागेच्या तोडीची ही नावे आहेत आणि ती कोणा कंपनीने पैसे देऊन घडवलेली नाहीत. ती गोळा करण्याचे मोठे काम मारुती चितमपल्ली यांनी केले. १९३२ साली सोलापुरात जन्मलेले चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत या भागात, नवेगावबांधला वर्षानुवर्षे राहिले. तिथल्या माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्यांकडून आणि जंगलात राहणाऱ्या माणसांकडून त्यांनी पाखरांची विद्या घेतली. त्यांचा 'पक्षीकोश' हा त्या संग्रहाचा ग्रंथ. जिथे शब्द नव्हता तिथे त्यांनी घडवला. कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार', बगळ्यांच्या विणीच्या जागेला 'सारंगागार', पाखरांच्या रात्रीच्या मुक्कामाला 'रातनिवारा'. २०२५ साली पद्मश्री मिळाल्यावर काही महिन्यांतच, १८ जून रोजी ते गेले. व्यंकटेश माडगूळकर आणि नंतर किरण पुरंदरे यांनी याच नागझिऱ्यात मुक्काम करून पुस्तके लिहिली. एवढी शिदोरी असताना आमच्या शिबिरातला मुलगा हळद्याला 'ओरिओल' म्हणतो, तेही कोणी सांगितले तर. इंग्रजी नाव शिकू नये असे आम्ही म्हणत नाही. पण 'ओरिओल' हा शब्द आपल्या मुलाला त्या पाखराविषयी काहीच सांगत नाही आणि 'हळद्या' पाहताक्षणी सांगतो.

आणखी एका गोष्टीत हा खेळ आपल्यापेक्षा शहाणा निघाला, हे कबूल करायला हवे. त्याच्या संग्रहवहीत प्रत्येक प्राण्याला एकच घर आहे. उंदरासारखा सामान्य प्राणी असो की पौराणिक वाटणारा दुर्मिळ पक्षी, रकाना तेवढाच. पहिल्या पानावरचा साधा प्राणी राहिला तर वही अपुरीच. नागझिऱ्याच्या दारात आलेल्या जिप्सीतल्या मंडळींची वही मात्र एका रकान्याची असते. परत येणाऱ्या गाडीला विचारायचा प्रश्न ठरलेला: "दिसला का?" काय दिसला, हे सांगावे लागत नाही. याच जंगलात जन्मलेला 'जय' हा वाघ २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्याकडे गेला आणि तिथे त्याच्या नावाने पर्यटकांची रीघ लागली. एप्रिल २०१६ पासून तो दिसेनासा झाला, तेव्हा वर्तमानपत्रांचे रकाने भरले. २०१३ च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, २०२३ मध्ये दोन वाघिणी बाहेरून आणून सोडल्या गेल्या. हे सर्व महत्त्वाचेच आहे. पण त्याच वर्षांत येथे किती नवरंग आले, याची विचारपूस करणारा पर्यटक आम्हाला तरी भेटलेला नाही. दुर्मिळतेचे आकर्षण खेळातही आहे. १५१ वा प्राणी शिगेकी मोरिमोतो या आज्ञावलीकाराने शेवटच्या क्षणी, उरलेल्या सुमारे ३०० बाइट जागेत गुपचूप घातला होता आणि त्याच्या अफवेने मुले वेडी झाली. पण त्या एकासाठी बाकीचे १५० फुकट गेले नाहीत.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी आम्ही मुलांना पोस्टकार्डाएवढे कोरे कागद दिले. पुढे चित्र, मागे नाव, वस्ती, खाणे, शत्रू आणि ओळखायची एक खूण, असे ठरले. टाइप विचारणाऱ्या मुलाने नवरंगाच्या कागदावर 'जमिनीवरचा' असे लिहिले. ते बरोबरच होते. हा पक्षी बराच वेळ जमिनीवर पाला उलथून किडे टिपत फिरतो. वाघाचे कागद सात झाले. खारीचा एकही झाला नव्हता, म्हणून त्यावर थोडी भांडाभांडी झाली.

तेवढ्यात विश्रामगृहामागच्या बेलाखालून कोणीतरी ओरडले. खालच्या फांदीवर बोटाएवढी हिरवी अळी होती. गाइडने गवताची काडी हलकेच तिच्या मानेला लावली. डोक्यामागून दोन नारिंगी शिंगे सर्रकन बाहेर आली आणि आंबट-उग्र वास सुटला. "कॅटरपी!" दहा-बारा गळे एकदम. गाइडला त्या शब्दाचा अर्थ विचारावा लागला आणि तो त्याला समजावून सांगताना मुलांची घाई उडाली. मग मुलांनी त्याला विचारायला सुरुवात केली: ही अळी आणखी कोणत्या झाडावर असते, कोश कुठे करते, किती दिवसांनी उडते, तुमच्याकडे हिला काय म्हणतात. आमची बस दोन वाजता निघायची होती. ती साडेतीनला निघाली.